स्कीच्या कडा आणि तळ यांची घरच्या घरी निगा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुलमर्ग आणि औली येथे दरवर्षी जाणारे स्कीपटू, तसेच म्युनिक, झ्युरिक, डेन्व्हर अशा शहरांत स्थायिक झालेली आणि हिवाळ्यात स्वतःच्या स्की बाळगणारी मराठी मंडळी यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे डोंगरउतारावरील स्की, म्हणजे अल्पाइन स्की, डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. इतर प्रकारांसाठी प्रश्न २२ पाहावा.

१. स्कीची निगा राखायची म्हणजे नेमके काय करायचे?

कामे दोन आहेत आणि ती एकमेकांत मिसळू नयेत. पहिले काम कडांना धार लावण्याचे आणि दुसरे तळाची डागडुजी करून त्याला मेण लावण्याचे. तळ अत्यंत लांब रेणूंच्या पॉलिएथिलीनचा असून त्याची जाडी साधारण एक ते दीड मिलिमीटर असते. तळाच्या दोन्ही बाजूंना जेमतेम दोन मिलिमीटर रुंदीची पोलादी कड बसवलेली असते. पूर्वीच्या लाकडी स्कीच्या कडा कठीण बर्फावर लवकर गोलावत आणि पकड सुटे. ऑस्ट्रियातील रुडॉल्फ लेटनर यांनी १९२०च्या दशकात पोलादी कडांचे पेटंट घेतले, तेव्हापासून धार लावणे हा या खेळाचा नित्यक्रम झाला. धारेमुळे स्की वळणावर आणि टणक बर्फावर पकड घेते, तर मेणामुळे ती सरकते आणि वळवायलाही हलकी जाते.

२. दुकानात यंत्रावर काम करून मिळते, मग घरी खटाटोप कशासाठी?

यंत्रावरचे काम वाईट नसते, पण दर वेळी ते थोडे पोलाद आणि थोडा तळ खाऊन टाकते. कडेत पोलाद मोजकेच असते आणि घासलेले परत येत नाही. घरी हातातल्या हिऱ्याच्या पट्टीने, म्हणजे हिऱ्याचे बारीक कण बसवलेल्या घासपट्टीने, दोन मिनिटे धार ताजी केली, तर जवळजवळ काहीच खर्ची पडत नाही आणि दुकानात जाण्याची वेळ हंगामातून एखाद्या वेळीच येते. माझे मत असे आहे की मेण आणि बाजूची धार घरी करावी. तळ सपाट करणे, त्यावर दगडी चाकाने नक्षी उठवणे आणि कडेचा तळाकडचा कोन बसवणे ही कामे चांगल्या कार्यशाळेकडे सोपवावीत.

३. सुरुवातीला कोणती हत्यारे घ्यावीत?

ठरावीक कोनाचा एक मार्गदर्शक, म्हणजे कानस किंवा हिऱ्याची पट्टी अचूक कोनात धरून ठेवणारा साचा, ही पहिली खरेदी. त्याबरोबर मध्यम आणि बारीक अशा दोन हिऱ्याच्या पट्ट्या, एक बारीक दाताची कानस, रबरात अपघर्षक भरलेला गमी स्टोन, मेणाची इस्त्री, सर्व तापमानांना चालणारे मेण, प्लेक्सिग्लासचा स्क्रेपर आणि पितळी व नायलॉनचा असे दोन ब्रश पुरेसे होतात. कोन बदलता येणारे स्वस्त मार्गदर्शक मोहात पाडतात. मात्र त्यांचा स्क्रू वापरताना हळूच सरकला तर पूर्ण कड वेगळ्याच कोनात घासली जाते, म्हणून पक्क्या कोनाचा धातूचा मार्गदर्शकच घ्यावा. हातमोजे विसरू नयेत. धार लावलेली कड बोट सहज कापते आणि कानशीचा बारीक कीस कातडीत रुततो.

४. घरात बाक किंवा स्कीचा व्हाइस नाही. स्की धरावी कशी?

मेण लावण्यासाठी दोन टेबलांच्या किंवा दोन समान उंचीच्या लाकडी ठोकळ्यांच्या आधारावर स्की तळ वर करून ठेवली तरी चालते. धार लावताना मात्र स्की हलली तर कोन बिघडतो, त्यामुळे टेबलाला क्लॅम्पने आवळलेला आधार लागतोच. बाइंडिंगचे, म्हणजे बूट स्कीला जखडून ठेवणाऱ्या यंत्रणेचे, ब्रेक दोन्ही बाजूंना कडेखाली लोंबकळत असतात. ते जाड रबरबँडने मागे ओढून बांधावेत, नाहीतर कानस अर्ध्यावरच अडेल. खाली वर्तमानपत्र अंथरावे, कारण मेणाचा कीस फरशीवर पडला की ती तेलासारखी निसरडी होते. हा कीस सिंकमध्ये सोडू नये; गोळा करून कचऱ्यात टाकावा.

५. धार आणि मेण किती दिवसांनी?

याला दिवसांचा हिशेब लागू पडत नाही, बर्फाचा पडतो. कृत्रिम बर्फ आणि जुना, गोठून दाणेदार झालेला बर्फ तळावरचे मेण झपाट्याने खरवडून नेतो, तर ताज्या भुसभुशीत बर्फात ते बराच काळ टिकते. साधारण अंदाज म्हणून तीन ते पाच दिवसांच्या स्कीइंगनंतर मेण लावावे, आणि कडांलगतचा तळ कोरडा, पांढुरका दिसू लागला तर त्याआधीच लावावे. टणक उतारांवर स्कीइंग केले असल्यास त्याच संध्याकाळी बारीक हिऱ्याची पट्टी कडेवरून फिरवावी. कानस मात्र हंगामात मोजक्या वेळाच हाती घ्यावी.

६. बेस बेव्हल आणि साइड बेव्हल हा काय प्रकार आहे?

पोलादी कडेला दोन उघडे पृष्ठभाग असतात. एक तळाच्या पातळीत बर्फाकडे तोंड करून असतो आणि दुसरा बाजूला. तळाकडचा पृष्ठभाग तळाच्या पातळीपासून किंचित वर उचलून घासलेला असतो. त्या कलाला बेस बेव्हल म्हणतात आणि तो बहुधा अर्धा ते एक अंश असतो. त्यामुळे स्की सपाट ठेवून सरकताना कड उगाच अडकत नाही. बाजूचा पृष्ठभाग आतल्या बाजूला कललेला असतो, तो साइड बेव्हल. साइड बेव्हल सांगण्याच्या दोन पद्धती आहेत आणि बराचसा गोंधळ तिथेच होतो : २ अंशांचा साइड बेव्हल आणि ८८ अंशांची कड ही एकच गोष्ट आहे, कारण ती काटकोनातून वजा करून मोजली जाते. बेस बेव्हल १ आणि साइड बेव्हल ३ असेल तर प्रत्यक्ष पोलादाच्या टोकाचा कोन ८७ नसून ८८ भरतो, कारण तळाकडच्या कलामुळे तो एका अंशाने रुंदावतो.

हे अंश किती सूक्ष्म आहेत याची कल्पना असावी. दोन मिलिमीटर रुंदीवर एका अंशाचा कल म्हणजे उंचीत सुमारे ०.०३५ मिलिमीटरचा फरक. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पायाला मात्र पहिल्याच वळणावर कळतो.

७. माझ्या स्कीसाठी कोणता कोन योग्य?

सर्वप्रथम स्कीच्या निर्मात्याने दिलेला कोन शोधावा आणि ठोस कारण नसेल तर तोच ठेवावा. माहिती उपलब्ध नसल्यास सर्वसाधारण वापरासाठी बेस १ आणि साइड २ अंश हा सुरक्षित पर्याय आहे. आल्प्समधील किंवा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील टणक, बर्फाळ उतारांवर नियमित जाणाऱ्यांनी साइड ३ अंश ठेवल्यास पकड स्पष्टपणे वाढते. तेवढीच टोकदार धार लवकर बोथटही होते. स्लॅलम शर्यतीतले स्कीपटू बेस ०.५ आणि साइड ३ किंवा त्याहून अधिक ठेवतात. नवशिक्याला अशी स्की पायाखालून ओढून नेल्यासारखी वाटेल.

गुलमर्गला अफरवटच्या उतारांवर, म्हणजे बहुतांशी नैसर्गिक, न दाबलेल्या बर्फात जाणाऱ्यांनी कोनाची फार चिंता करू नये. तिथे मेण आणि तळाची अवस्था जास्त महत्त्वाची, आणि हंगामाच्या सुरुवातीला बर्फाखाली दडलेले दगड हा खरा शत्रू आहे (प्रश्न १९).

८. कडेवर आत्ता कोणता कोन आहे हे कसे ओळखावे?

कायम टिकणाऱ्या शाईच्या मार्करने कडेचा बाजूचा पृष्ठभाग बोटभर लांबीत काळा करावा. नंतर मार्गदर्शकात हिऱ्याची बारीक पट्टी बसवून एकच हलका हात मारावा आणि स्की उजेडाकडे तिरकी धरून पाहावी. शाई वरपासून खालपर्यंत सारखी निघाली असेल तर कोन जुळला. फक्त तळालगतची, म्हणजे धारेच्या टोकाजवळची शाई निघाली, तर मार्गदर्शकाचा कोन कडेपेक्षा बोथट आहे. फक्त स्कीच्या वरच्या अंगाकडची निघाली, तर मार्गदर्शक अधिक टोकदार आहे. हीच चाचणी स्कीच्या पुढे, मध्ये आणि मागे अशा तीन जागी करावी. कडेला लागून असलेले प्लॅस्टिक कधी कधी मध्ये येते आणि मार्गदर्शक खोटा निकाल देतो. कानशीच्या दातांत काळा किंवा रंगीत प्लॅस्टिकचा कीस अडकू लागला, तर आधी खास रंध्याने ते प्लॅस्टिक थोडे खाली काढावे लागते.

९. बाजूची धार लावण्याचा नेमका क्रम कोणता?

कड पुसून कोरडी करावी आणि बोटाने नव्हे, तर नख आडवे फिरवून खडबडीत जागा शोधाव्यात. दगडावर आपटलेल्या जागी पोलाद घर्षणाने आणि आघाताने कडक झालेले असते. तिथे थेट कानस लावली तर ती कापत नाही, नुसती घसरते आणि तिचेच दात बोथट होतात. म्हणून असे डाग आधी जाड हिऱ्याच्या पट्टीने किंवा अपघर्षक दगडाने नरम करून घ्यावेत. कानस लागणार असेल तर ती मार्गदर्शकात अशी बसवावी, की पुढून मागे येताना तिचे दात कापतील. कानस एकाच दिशेने कापते, उलट ओढली तर फक्त झिजते. सुमारे ३० सेंटिमीटरचे, एकमेकांवर थोडे चढणारे हात मारावेत आणि दाब हलका ठेवावा. नीट कापणारी कानस बारीक, वळलेला कीस काढते आणि आवाज एकसारखा येतो. आवाज किरकिरा झाला, तर थांबून ब्रशने दात स्वच्छ करावेत.

त्यानंतर त्याच मार्गदर्शकातून मध्यम आणि मग बारीक हिऱ्याची पट्टी पाण्याने ओली करून फिरवावी. यामुळे कानशीचे ओरखडे निघतात आणि धार जास्त दिवस टिकते. नियमित देखभालीत कानशीची पायरी गाळून थेट हिऱ्यापासूनच सुरुवात करावी.

१०. धार लागली की नाही, हे कसे समजते? आणि बर म्हणजे काय?

अंगठ्याच्या नखाचा पृष्ठभाग कडेवर आडवा, अगदी हलका ओढावा. नखाचा पांढरा भुगा निघाला तर धार आहे. नख नुसते सरकले तर अजून काम बाकी आहे. ही चाचणी कडेच्या अनेक जागी करावी, कारण पायाखालचा भाग सर्वांत आधी बोथट होतो.

बाजू घासताना पोलादाची अतिशय पातळ झालर तळाच्या बाजूला वळते. तिला बर म्हणतात. ती कापऱ्या धारेसारखीच भासते, मात्र पहिल्याच धावेत वाकते किंवा तुटते आणि मागे बोथट कड राहते. बारीक हिऱ्याची पट्टी बेस बेव्हलच्याच कोनात, जवळजवळ वजन न टाकता एकदोनदा फिरवून ती काढावी. शेवटी गमी स्टोनचा एक हलका हात दिला तरी पुरतो. तो जोराने घासला तर आत्ताच लावलेली धार गोल होईल.

११. स्कीचे पुढचे आणि मागचे टोक बोथट करावे लागते का?

पूर्वी हा सल्ला सर्रास दिला जाई. आजच्या स्कीचे टोक वर उचललेले असल्यामुळे आणि वळणाच्या सुरुवातीला पुढच्या भागाची पकड हवी असल्यामुळे, बर्फाला टेकणाऱ्या भागाच्या पुढे व मागे काही सेंटिमीटर गमी स्टोनने मऊ करणे पुरेसे आहे. अपवाद रेलवर आणि खांबांवर घसरणाऱ्यांचा : ते पायाखालची कड मुद्दाम बोथट ठेवतात. स्की अनपेक्षितपणे अडकत असेल तर टोक बोथट करण्याआधी बर काढली आहे का आणि तळ कडांपेक्षा खोल गेलेला नाही ना (प्रश्न २०), हे तपासावे.

१२. चाकू-कात्रीला धार लावणाऱ्याकडे किंवा ग्राइंडरवर देता येईल का?

नाही. फिरत्या साणेवर कोन हाताच्या अंदाजावर राहतो, आणि विळीच्या पात्याला चालणारा अंदाज इथे चालत नाही, हे प्रश्न ६ मधील आकड्यावरून स्पष्ट होईल. शिवाय कोरड्या वेगवान चाकाने पातळ पोलाद तापून निळे पडते आणि त्याची कठीणता जाते. लागूनचे प्लॅस्टिक आणि गोंदही तापतो.

१३. बेस बेव्हल घरी घासावा का?

शक्यतो हात लावू नये. साइड बेव्हल कितीही वेळा घासला तरी कोन तोच राहतो. बेस बेव्हल मात्र दर वेळी थोडा वाढतच जातो आणि मागे येत नाही. तो वाढला की कड बर्फाला टेकायला स्की अधिक कलवावी लागते. स्की सुस्त, उशिरा पकडणारी वाटू लागते आणि लोक बाजू घासत बसतात, कारण त्यांना वाटते धार गेली. त्यावर उपाय एकच : यंत्रावर पूर्ण तळ खाली घासून कोन नव्याने बसवणे. दगडाच्या ओरखड्यामुळे तळाकडे उभा राहिलेला कंगोरा मात्र घरी, त्याच कोनाच्या मार्गदर्शकातून, तेवढ्याच जागी काढायला हरकत नाही.

१४. मेणाच्या रंगांचा अर्थ काय, आणि कोणते निवडावे?

रंग तापमान दर्शवतात. बहुतेक निर्मात्यांकडे हिरवे अतिथंडीसाठी, निळे थंडीसाठी, जांभळे मध्यम, लाल शून्याच्या जरा खाली आणि पिवळे वितळत्या ओल्या बर्फासाठी असते. नेमके आकडे वेष्टनावर पाहावेत, कारण ते निर्मात्यागणिक बदलतात. हे तापमान हवेचे नसून बर्फाचे असते. उन्हात हवा शून्याच्या वर गेली तरी सावलीतला बर्फ बराच थंड राहतो. थंड आणि ताज्या बर्फाचे स्फटिक टोकदार असतात आणि मऊ मेणात रुततात, म्हणून तिथे कडक मेण लागते. शर्यतीत उतरणार नसाल, तर सर्व तापमानांना चालणारे मेण घ्यावे. फक्त जानेवारीच्या कडक थंडीत त्यावर निळ्या-हिरव्या जातीचा एक थर द्यावा.

१५. मेण लावण्याची पद्धत सविस्तर सांगाल का?

तळ आधी पितळी ब्रशने पुढून मागे झाडावा. फार मळलेला असेल तर मऊ मेण इस्त्रीने पसरून, ते कोमट असतानाच खरवडून काढावे. मळ मेणाबरोबर वर येतो. मेण पुसून काढणारी रसायने घरी टाळावीत, कारण ती तळ कोरडा पाडतात आणि ज्वलनशील असतात.

मग इस्त्री तापवून मेणाची वडी तिच्या टेकवत्या पृष्ठभागाला लावावी आणि थेंब तळाच्या पूर्ण लांबीवर पाडावेत. इस्त्रीचे तापमान वेष्टनावर दिलेले असते : मऊ मेणासाठी ११० ते १२०, सर्वसाधारणासाठी १२० ते १३०, कडक थंडीच्या मेणासाठी १४० ते १५० अंश सेल्सिअसच्या आसपास. मेणातून धूर आला तर तापमान जास्त आहे, ताबडतोब कमी करावे. इस्त्री पुढून मागे सावकाश, एकसारखी आणि न थांबता न्यावी. तळाचे पॉलिएथिलीन साधारण १३५ अंशांच्या आसपास वितळते. १५० अंशांची इस्त्री चालते ती केवळ मध्ये मेणाचा थर आणि सतत हालचाल असते म्हणून. एका जागी क्षणभर जास्त रेंगाळली तर तळ जळतो, तिथला पृष्ठभाग बंद होतो आणि पुढे मेण धरत नाही. स्की उलटून वरच्या बाजूला हात लावावा : कोमट लागली तर ठीक, गरम लागली तर थांबावे.

खोलीच्या तापमानाला किमान अर्धा तास थंड होऊ द्यावे. नंतर आधी कडांवरचे मेण स्क्रेपरच्या कोपऱ्याने आणि मग तळावरचे पूर्ण रुंदीने, काही निघेनासे होईपर्यंत खरवडावे. इथेच बहुतेकांचा हात आखडतो, कारण एवढ्या कष्टाने लावलेले मेण काढून टाकायला जीव होत नाही. परंतु उपयोगी मेण वर साचलेले नसते. ते पॉलिएथिलीनच्या अस्फटिकी भागात मुरलेले असते, आणि वरचा जाड थर बर्फावर फक्त खरडतो आणि वेग घालवतो. शेवटी पितळी ब्रशने तळावरच्या बारीक रेघांतले मेण बाहेर काढावे आणि नायलॉनच्या ब्रशने चकाकी आणावी.

१६. कपड्यांची जुनी इस्त्री वापरली तर?

अडीअडचणीला चालते. अडचण अशी, की तिचा थर्मोस्टॅट तापमान बऱ्याच अंशांनी वरखाली होऊ देतो आणि वाफेच्या भोकांत मेण जाऊन बसते. बिनवाफेची, जड बुडाची जुनी इस्त्री असेल तर सर्वांत कमी तापमानापासून सुरुवात करावी आणि मेण जेमतेम वितळेल तिथे खुंटी थांबवावी. एकदा मेण लागलेली इस्त्री परत कपड्यांना लावता येणार नाही, हे घरात आधीच सांगून ठेवावे.

१७. साधी मेणबत्ती घासली तर चालेल का?

तातडीची सोय म्हणून, ओल्या बर्फात तळ चिकटू लागला असताना, चालेल. मेणबत्तीतले पॅराफिन मऊ असते, त्यात बहुधा स्टिअरिक आम्ल मिसळलेले असते आणि ते थोड्याच फेऱ्यांत निघून जाते. थंड बर्फात तर त्याने वेग कमीच होईल. खिशात ठेवायला हाताने घासायचे तयार मेण अधिक उपयोगी पडते. रंगीत किंवा सुगंधी मेणबत्ती मात्र अजिबात वापरू नये.

१८. जुन्या पेटीत फ्लोरोमेण सापडले आहे. वापरू का?

वापरू नये, आणि इस्त्रीने तर मुळीच तापवू नये. फ्लोरिनयुक्त मेणे निसर्गात विघटन न होणाऱ्या रसायनांच्या गटातली आहेत आणि ती जास्त तापली की विषारी वायू सोडतात. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून स्पर्धांत त्यांवर बंदी घातली. युरोपीय संघाने त्यातील पीएफओए या रसायनावर २०२० मध्येच निर्बंध आणले होते. असे मेण शहराच्या घातक कचरा केंद्रात द्यावे. जुन्या स्कीवर ते आधीच लावलेले असल्यास प्रश्न १५ मधील मऊ मेणाची सफाई दोनतीन वेळा करावी.

१९. दगडाने तळाला खाच पडली. घरी भरता येते का?

खाच किती खोल आहे यावर अवलंबून. बारीक ओरखडे मेणाने झाकले जातात, त्यांना भरायच्या फंदात पडू नये. नखाला स्पष्ट लागणारी, पण आतला गाभा न दिसणारी खाच पॉलिएथिलीनच्या कांडीने भरता येते. आधी खाच धारदार पात्याने साफ करून मेणमुक्त करावी. कांडी पेटवून स्कीच्या अगदी जवळ, लोखंडी स्क्रेपरवर आडवी धरावी, म्हणजे ज्योत लहान आणि निळसर राहते. ज्योत मोठी झाली की काजळी पडते आणि काळे कण भरणीत अडकून ती कच्ची राहते. थेंब थोडे उंचवट्याने भरावेत, पूर्ण थंड होऊ द्यावेत आणि मग धारदार लोखंडी स्क्रेपरने किंवा पात्याने तळाच्या पातळीला आणावेत. जळते थेंब कातडीला चिकटून भाजतात, म्हणून मोजे हवेतच आणि खिडकी उघडी हवी.

आतले लाकूड किंवा काचतंतूंचा थर दिसत असेल, अथवा खाच कडेला लागून असेल, तर कांडीची भरणी तिथे टिकत नाही. कार्यशाळेत तळाचा तुकडा बसवावा लागतो. दुरुस्ती होईपर्यंत स्की पूर्ण वाळवून दोन घटकांच्या इपॉक्सीने जागा बंद करावी. पाणी गाभ्यात शिरले आणि रात्री गोठले, तर थर सुटू लागतात.

२०. तळ सपाट आहे का, हे कसे तपासावे?

तळ पूर्ण खरवडून साफ करावा, त्यावर सरळ धारेची पोलादी पट्टी आडवी उभी धरावी आणि मागे दिवा ठेवून डोळे तळाच्या पातळीला आणावेत. मध्ये उजेड दिसला तर तळ खोलगट आहे. अशी स्की रुळावर असल्यासारखी चालते आणि वळवताना अडते. कडांलगत उजेड असेल आणि मध्ये नसेल तर तळ फुगीर आहे. अशी स्की सपाट धरली असता डुलते आणि कड उशिरा धरते. कडांपाशी केसभर उजेड बेस बेव्हलमुळे दिसणारच. फरक ठळक असेल तर यंत्रावरच घासून घ्यावे. पॉलिश पेपर लावून हाताने सपाट करण्याचा प्रयत्न बहुधा तळ आणखी फुगीर करतो.

२१. हंगाम संपल्यावर स्की कशी ठेवावी? मुंबईत पावसाळ्यात कडांना गंज चढतो.

स्की धुवून, पुसून एक दिवस सुकवावी. गंज असल्यास गमी स्टोनने काढावा. वरवरचा नारिंगी थर निघतो, खोल खड्डे राहिले तर बारीक हिऱ्याची पट्टी लागेल. त्यानंतर तळावर आणि मुद्दाम कडांवरही मऊ मेणाचा जाड थर द्यावा आणि तो खरवडू नये. पुढच्या हंगामाच्या तोंडावर खरवडला की काम झाले. पत्र्याखालचा माळा टाळावा. मे महिन्यात तिथे मेण मऊ होऊन वाहते. कोकणात किंवा मुंबईत बंद कापडी पिशवीत स्की ठेवणे म्हणजे गंजाला आमंत्रण, कारण आत ओल कोंडते. पिशवीचे तोंड उघडे ठेवावे आणि पावसाळ्यात एकदा कडा पाहून घ्याव्यात. हंगामातही रोज संध्याकाळी कडा पुसण्याची सवय असली, तर गंजाचा प्रश्न निम्म्याने कमी होतो.

२२. स्नोबोर्ड, टूरिंग आणि क्रॉसकंट्री स्कीला हेच लागू आहे का?

स्नोबोर्डला हीच पद्धत लागू आहे; कोन मात्र सौम्य, बेस १ आणि साइड १ किंवा २ अंश. टूरिंग स्कीवर चढताना चिकटवायची स्किन वापरतात. तळावर राहिलेले मेण तिच्या गोंदाला लागून पकड जाते, तेव्हा तिथे खरवडणे आणि ब्रश करणे दुप्पट काळजीने करावे. क्रॉसकंट्री स्कीला बहुधा पोलादी कड नसते, आणि क्लासिक प्रकारात पायाखालच्या भागात सरकण्याचे मेण लावतच नाहीत. तिथे पकडीचे मेण, स्किन किंवा खवल्यांचा नमुना असतो.

२३. भाड्याच्या स्कीला धार लावली तर?

मालकाला विचारल्याशिवाय कानस लावू नये, ती वस्तू आपली नाही. धार नसेल तर बदलून मागावी. घेतानाच प्रश्न १० मधील नखाची चाचणी दुकानात करून पाहिली, तर पुढची तक्रार टळते. हाताने घासायचे मेण लावायला कोणी हरकत घेत नाही.

२४. आतल्या कडा लवकर बोथट होतात, बाहेरच्या नव्यासारख्या राहतात. काय करावे?

वळताना वजन बाहेरच्या पायाच्या आतल्या कडेवर येते, म्हणून असे होते. डावी-उजवी स्की अधूनमधून अदलाबदल करून वापरल्यास झीज समान होते. काही शर्यतीच्या स्कींवर डावी आणि उजवी अशी खूण असते. त्या बदलू नयेत.

२५. अमेरिकेतून किंवा युरोपातून हत्यारे घेऊन गुलमर्गला यायचे आहे. काय सांभाळावे?

अमेरिकेतली इस्त्री १२० व्होल्टची असते. ती भारतातल्या २३० व्होल्टच्या जोडणीला थेट लावली तर जळते, आणि तापणाऱ्या उपकरणाला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर जड असतो. त्यापेक्षा २३० व्होल्टची इस्त्री विकत घेणे सोपे. युरोपातली इस्त्री चालते, पिनेसाठी अडॅप्टर घ्यावा. कानस, पाती आणि स्क्रेपर चेक-इन सामानात टाकावेत. गॅसचा बर्नर आणि सफाईचे ज्वलनशील द्रव विमानात नेता येत नाहीत; कांडी आणि घन मेण नेता येते. गुलमर्गला मुक्कामाच्या ठिकाणी वीज जाण्याची शक्यता धरून, हाताने घासायचे मेण आणि हिऱ्याची पट्टी एवढे तरी वेगळे ठेवावे.

२६. नातेवाइकाची जुनी स्की मिळाली आहे. तिच्यावर मेहनत घेण्यात अर्थ आहे का?

आधी कड पाहावी. पोलादाची उंची किंवा रुंदी एका मिलिमीटरच्या खाली गेली असेल, कडेला तडे असतील किंवा तळ आणि गाभा यांच्यात फट दिसत असेल, तर धार लावण्याचे कष्ट वाया जातील. कड शाबूत असून फक्त गंजलेली आणि तळ कोरडा असेल, तर प्रश्न २१ प्रमाणे गंज काढून, मग मऊ मेणाचे दोनतीन थर लावून-खरवडून पाहावे. बऱ्याच स्की यातून चांगल्या सुधारतात. बाइंडिंग हा मात्र वेगळा विषय आहे. त्याचा ताण घरी स्क्रू फिरवून बसवू नये. बूट, वजन आणि उंचीनुसार ते तपासण्याचे काम आयएसओ ११०८८ या मानकाप्रमाणे प्रशिक्षित तंत्रज्ञ करतो. बाइंडिंग फार जुने असेल तर कार्यशाळा त्याला हात लावायलाच नकार देते, कारण निर्माते ठरावीक वर्षांनंतर जुन्या नमुन्यांची जबाबदारी घेत नाहीत. म्हणून जुन्या स्कीला कानस लावण्याआधी तिचे बाइंडिंग कार्यशाळेत दाखवून घ्यावे.